नल्ल्याचा दिवस

परवा रोहनचं नेट चार मिनिटं गेलं. चार मिनिटं! तर पोरानं घर डोक्यावर घेतलं. "आई, क्लास चालूय, काहीतरी कर ना!" मी भेंडी चिरत होते. मी काय डोंबल करणार? पण सवय बघा, माझी मान आपोआप वळली ती राउटरकडे नाही, मधल्या खोलीच्या दाराकडे. तिथं आता नुसता चपलांचा रॅक असतो.

"तिकडे काय बघतेस?" रोहननं विचारलं.

"हंडे भरलेत का ते बघते," मी म्हणाले.

आईच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, अशा चेहऱ्यानं तो माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात नेट आलं आणि स्वारी आत पळाली. सांगायचं ते राहिलंच, म्हणून लिहून ठेवते. हैदराबादेत वाढलेलं पोर, मराठी अक्षरं एकेक लावत वाचतं. तरी वाचेल कधीतरी. नाही वाचलं तर नाही.

साल दोन हजार सहा. तेव्हा लग्न होऊन मला वर्ष झालं होतं, पण मलकपेठच्या या घरात मी फक्त तीन महिन्यांची होते. त्याआधीचे नऊ महिने मी पुण्यात आणि विकास, माझा नवरा, इथं. नोकरी सोडणार नाही हे मी बघायच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं होतं. विकास जीडिमेटल्याच्या औषधांच्या कारखान्यात, त्याला सोडणं शक्य नव्हतं. मग महिन्यातून एक रविवार संसार. शनिवारी रात्री गाडीत बसायचं, रविवारी नवऱ्याचं तोंड बघायचं, सोमवारी पुन्हा पुण्यात. असला संसार वैऱ्यावरही येऊ नये.

माझं काम असं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याच्याबद्दल बोलून ठेवत. तो आवाज इंटरनेटवरून आमच्याकडे येई. आम्ही हेडफोन लावून, पायाखालची आवाज थांबवायची-चालवायची पट्टी दाबत दाबत तो ऐकायचा, टाइप करायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत परत पाठवायचा. पुण्याच्या ऑफिसात मी चार वर्षं हेच करत होते आणि चांगलं करत होते. शेवटी मी साहेबांच्या मागेच लागले, की मला हे हैदराबादेतून, घरून करू द्या. साहेब म्हणाले, करून बघ. नव्वद दिवस. फाइल तीनदा उशिरा आली की गुपचूप परत यायचं आणि इथल्या खुर्चीत बसायचं. अट एकच, ज्या मशीनची नोंद केलीय त्याच मशीनवरून काम, सायबर कॅफे चालणार नाही. मी एक मार्चला सुरुवात केली. तीन उशीर म्हणजे पुन्हा रविवारचा संसार, एवढा साधा हिशेब होता.

आता मशीन कसलं, तर विकासनं कॉलेजात असताना नव्व्याण्णव साली घेतलेलं. इथल्या कोटी बाजारातल्या कुलदीपनं सुटे भाग आणून जोडून दिलेलं. कुलदीप म्हणजे माझ्या सासरच्याच गावाकडचा, चाळिशीतला, कोटीत दुकान टाकून बसलेला माणूस. त्या कॉम्प्युटरचं चालू करायचं बटण आत गेलेलं होतं, ते पेनच्या रिफिलनं दाबावं लागे. एका बाजूचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावलेला. जागेवरून जरा हलवला की रुसायचा, मग तासभर चालूच होत नसे. पण माझी सासू त्याला रोज फडक्यानं पुसायची आणि रात्री त्याच्यावर क्रोशाचं झाकण घालायची, लेकानं ज्याच्यापुढं बसून अभ्यास केला ते यंत्र म्हणून.

सासूला इकडे आत्याबाई म्हणायचं, हे मला लग्नातच कळलं. आत्याबाई म्हणजे तारामती, आणि मामंजी म्हणजे एकनाथराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. माणसं उस्मानाबादकडची, पण तीस वर्षं हैदराबादेत मुरलेली. यांचं मराठी ऐकून मला पहिले काही दिवस वाटायचं, की रेडिओवर दोन स्टेशनं एकदम लागलीत. होला हौ, नकोला नक्को, आणि नळाला नल्ला. मी पुण्याची. मी म्हणायची, "आत्याबाई, नळ म्हणा की." त्या म्हणायच्या, "तुझा नळ येत असंल पुण्यात. इथं नल्लाच येतो."

आणि तो नल्ला यायचा एक दिवसाआड. दुपारी चारच्या पुढं कधीतरी, तास-दीड तास. नल्ल्याचा दिवस म्हणजे आमच्या घरात सण. आत्याबाई तीन वाजल्यापासून पदर खोचून तयार. दोन मोठे हंडे, घागरी, कळश्या, सगळं पितळेचं, लग्नात माहेराहून आलेलं. ते भरून मधल्या खोलीच्या दाराजवळच्या लाकडी बाकावर दोन थरांत लावायचं. दुसऱ्या दिवशी पाणी वापरून एकेक भांडं रिकामं होई, तसतसं ते अंगणात जाई. संध्याकाळी सगळी चिंचेनं घासून नल्ल्यापाशी पालथी, उद्याच्या तयारीत.

पाण्यावरून आमची पहिल्याच आठवड्यात जुंपली. मी नल्ल्याशिवायच्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली. त्या बाहेरून म्हणाल्या, "बादली संपली तर दुसरी मिळायची नाही." मी आतून म्हणाले, "केसांत शॅम्पू आहे, तसाच ठेवू का?" त्यांनी दारातून एक तांब्या आत सरकवला. एक! मी रागानं धुमसत होते. रात्री विकासनं सांगितलं, की बहात्तरच्या दुष्काळात आई नवी नवरी होती. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं कळशी भरायची, एक कळशी भरायला अर्धा दिवस जायचा. एकदा वर येताना तिचा पाय घसरला आणि ती कळशी सांडली. कुणी रागावलं नाही तिला, पण त्या दिवशी घरात कुणी पाणी प्यायलं नाही. ऐकून वाईट वाटलं. पण राग काही पूर्ण गेला नाही. खोटं कशाला बोलू?

घर म्हणजे तीन खोल्या, एकामागं एक, दारं एका रेषेत, भिंती दगडी, दोन-दोन फूट जाड. टेलिफोन पुढच्या खोलीत, म्हणून नेटची पेटीही तिथंच. तिथं मामंजींचा टीव्ही दिवसभर चालायचा, आणि मला तर अमेरिकन डॉक्टरांची कुजबुज ऐकायची, म्हणून कॉम्प्युटर मागच्या खोलीत. सुरुवातीला आम्ही तिन्ही खोल्यांतून वायर टाकली होती. चौथ्याच दिवशी मामंजींचा पाय तिच्यात अडकला. मनगट मोडलं, प्लास्टर घालावं लागलं. आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी विळीवर त्या वायरचे तीन तुकडे केले आणि अंगणात कपडे वाळत घालायला बांधून टाकले. "बिनवायरचं बघा काय असंल तर," म्हणाल्या. मग कुलदीपनं बिनवायरची पेटी आणली आणि कॉम्प्युटरच्या मागे बोटाएवढी एक कांडी खोचून दिली. स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरव्या पट्ट्या दिसू लागल्या. पाच पट्ट्या म्हणजे उत्तम, एक म्हणजे रामभरोसे.

मार्च बरा गेला. एप्रिल अर्धा सरला आणि नेट जायला लागलं. जायला म्हणजे कसं, संध्याकाळी साडेपाचनंतर पट्ट्या पाचाच्या दोन, दोनाची एक, मग लाल फुली. अर्ध्या मिनिटानं परत एक पट्टी. फाइल पाठवायला घ्यावी, निम्मी जावी, फुली. परत पासवर्ड, परत पहिल्यापासून. बरं, रोज नाही. एखाद्या दिवशी सगळं सुरळीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाटक. मी टेबलावर हात आपटायची, कांडी काढून फुंकर मारून परत लावायची, कॉम्प्युटरला शिव्या द्यायची. अस्सल पुणेरी शिव्या, म्हणजे 'अहो जाहो' करून. मामंजी टीव्हीचा आवाज कमी करायचे, जणू त्यानं काही होणार होतं.

मी कुलदीपला फोन करायची. तो म्हणायचा, "वहिनी, आज दुकानात गर्दी आहे, उद्या येतो." तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला यायचा, खुर्चीत बसायचा, आणि पट्ट्या पाचच्या पाच!

"मक्खन चालतंय की, वहिनी. कायको परेशान होता?"

"अहो, काल या वेळेला बंद होतं."

"कालचं मी काल बघितलं असतं."

असं एकदा नाही, चारदा झालं. दाखवायला नेलं की दुखणं पळतं, तशातली गत. तरी बिचारा काही ना काही करून जायचा. एकदा म्हणाला, उन्हानं तापतंय, दुसरा फॅन लावा. ऊन वाढत होतंच, आम्हाला पटलं. एकदा शेजारच्यांचा बिनवायरचा फोन बंद ठेवायला सांगितला. वर राहणारी भाग्यलक्ष्मी भली बाई, तिनं आठ दिवस फोन बंद ठेवला. एकदा सगळं पुसून नव्यानं घातलं, त्यात विकासचे कॉलेजातले फोटो गेले. शेवटी आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन कॉम्प्युटरची दृष्ट काढली. मी कपाळावर हात मारून घेतला. पण दुसऱ्या दिवशी नेट छान चाललं आणि त्या माझ्याकडे असं बघत होत्या की विचारू नका. त्याच्या पुढच्या दिवशी परत फुली.

मे उजाडेपर्यंत माझे दोन उशीर झाले होते. एक सोळा मिनिटांचा, एक चार मिनिटांचा. साहेबांनी फोनवर काही म्हटलं नाही, नुसतं म्हणाले, "सुजाता, खुर्ची आहे हं इथं." त्या प्रेमळ बोलण्यानंच मला जास्त धडकी भरली.

स्वयंपाकघरात बडीचावडीतून आणलेलं मराठी कॅलेंडर होतं. त्यावर मामंजींचा सगळा कारभार. नल्ला आला की त्या चौकोनात पेन्सिलीचा ठिपका, गॅस लागला की 'गॅ', प्लास्टर काढलं त्या दिवशी हाताचं छोटं चित्र. कुलदीपला पुरावा दाखवायचा म्हणून मीही एप्रिलपासूनच त्यावर लाल पेनानं फुल्या मारत होते. ज्या दिवशी नेट गेलं, त्या दिवशी फुली. फुली मारताना पेन कागदातून आरपार जाईल इतका जोर लावायची.

आणि या सगळ्यात आत्याबाईंचं आणि माझं काही धड चाललेलं नव्हतं. पाण्यावरून चालायचंच, शिवाय मी दिवसभर कानाला भोंगे लावून बसायची, हाक मारली तर ऐकू यायचं नाही. त्या दारात उभ्या राहायच्या, मी मान वर करायची नाही, त्या निघून जायच्या. मला वाटायचं, मी पुण्याला गेले तर यांना बरंच वाटेल. एकदा भाग्यलक्ष्मीला जिन्यात सांगत होत्या ते मी ऐकलं. "जाईल ती परत. मशीनच साथ देईना तिला." आवाजात दुःख होतं की सुटका, ते मला कळलं नाही. मी सुटकाच धरून चालले, कारण रागावायला तेच सोयीचं होतं.

एकोणतीस मे, सोमवार. माझा नव्वदावा दिवस.

त्याच्या आदल्या शनिवारी नल्ला आलाच नव्हता. कुठं तरी मोठा पाइप फुटला म्हणे. घरात तीन दिवस खडखडाट. शनिवारपासून आंघोळी तांब्या-तांब्यानं, भांडी राखेनं. सोमवारी चारला नल्ल्यानं एकदाचा घसा खाकरला तेव्हा आत्याबाईंनी हात जोडले. माळ्यावरच्या दोन जास्तीच्या घागरीसुद्धा खाली काढल्या. साडेपाचला बाकावर तेरा भांडी, सगळी काठोकाठ. इतकं पाणी मी या घरात कधी बघितलं नव्हतं.

आणि साडेपाचला माझ्या पट्ट्या गेल्या.

शेवटच्या सहा फाइली टाइप होऊन तयार होत्या. पाठवायला दोन मिनिटं पुरली असती. मी एकदा केलं, दोनदा केलं, दहादा केलं. सहा वाजले. कांडी काढली, लावली. टेबलफॅन कॉम्प्युटरच्या तोंडात घालायचा राहिला होता. कुलदीपला फोन केला, तो म्हणाला, "उद्या येतो." मी फोन आपटला. विकास शिफ्टवर, दहाशिवाय सुटायचा नव्हता. सव्वासहाला मी चक्क रडायला लागले. तोंडानं शिव्या, डोळ्यांतून धारा, आणि उजव्या हातानं तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतेय.

पाठीमागं कुणी तरी उभं राहिलं. आत्याबाई. हातात कॅलेंडर, खिळ्यासकट उपटून आणलेलं.

"हे बग," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, आत्ता नको!"

"आत्ताच बग." त्यांनी कॅलेंडर कीबोर्डवर ठेवलं आणि ओलं बोट एका चौकोनावर टेकवलं. "ही तुझी फुली. ह्यो मामंजीचा ठिपका. ही फुली, ह्यो ठिपका. एकबी फुली ठिपक्याबिगर नाही. शनिवारी नल्ला आला नाही, शनिवारी तुझी फुलीबी नाही."

मी पानं उलटून बघतच राहिले. एप्रिलच्या पंधरापासून मेच्या पंचवीसपर्यंत, लाल फुलीखाली फिकट ठिपका. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला दिसलं, आणि मी ग्रॅज्युएट, कुलदीप इंजिनियर, आम्ही फॅन फिरवत बसलो होतो. दारं एका रेषेत. मी मान वळवली. माझ्या खोलीचं दार, त्यापलीकडे मधल्या दाराशी बाक, बाकावर पितळेची आणि पाण्याची छातीएवढी भिंत. आणि त्या भिंतीपलीकडे नेटची पेटी. ऊन वाढलं तशा घागरी वाढल्या होत्या. घागरी वाढल्या तशा पट्ट्या कमी झाल्या होत्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात. आमच्याकडे रोगच पखालीत होता.

"आत्याबाई, ते हंडे..." मी म्हणाले. काय सांगणार होते? तीन दिवसांनी आलेलं पाणी ओतून द्या? या बाईला? कॉम्प्युटर पुढं न्यावा तर तासभर रुसणार, वायर कपड्यांच्या दोरीत गेलेली. घड्याळात सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. "उचलून अंगणात ठेवू या," मी उठत म्हणाले.

"तू बस." त्यांनी माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. "भरला हंडा तुला उचलायचा नाही, आणि मला आता अंगणापतुर झेपायचा नाही. तू तुझं काम कर."

त्या गेल्या. मला वाटलं, कुणाला तरी हाक मारतील. मग आवाज आला. पहिली घागर बाकावरून कलली आणि बाकाशेजारच्या मोरीत पाणी कोसळलं. भसाभसा, थांबायचं नाव नाही. मी या घरात पाण्याचा असा आवाज कधी ऐकलाच नव्हता. इथं पाणी नेहमी वाटीच्या मापानं बोलायचं.

दुसरी घागर. तिसरी. मामंजी टीव्ही सोडून धावत आले. "अगं तारा, काय करतीस, डोकं फिरलं का?" त्या म्हणाल्या, "रिकामी उचला आणि बाहेर न्या." आणि मामंजींनी नुकत्या जुळलेल्या मनगटानं रिकाम्या घागरी अंगणात न्यायला सुरुवात केली. पाणी मोरीतून तुंबून खोलीभर पसरलं, पुढच्या खोलीतून गल्लीत गेलं. वरून भाग्यलक्ष्मी ओरडली, "अय्यो, एमैंदि अम्मा!" काय झालं ते तिला सांगायला कुणाला वेळ नव्हता.

कोपऱ्यात एक पट्टी आली. मी पाठवायचं बटण दाबलं. हंडा गेला, दुसरी पट्टी. पहिली फाइल निघाली, निम्म्यावर अडकली, पण तुटली नाही. सरकत सरकत गेली. पावणेसात. दुसरी गेली. तिसरी. बाहेर आत्याबाई धापा टाकत होत्या, ते मला हेडफोन नसल्यामुळे ऐकू येत होतं. चौथ्या फाइलला परत फुली येऊन गेली. बाकावर आता एकच भांडं उरलं होतं, मधोमध, दुसरा मोठा हंडा. प्यायच्या पाण्याचा.

"तो राहू द्या, आत्याबाई!" मी ओरडले. "प्यायचंय ते!"

"पिऊ मागून!" त्या म्हणाल्या आणि तो हंडा त्यांनी दोन्ही हातांनी कलता केला.

पाच पट्ट्या. सहावी फाइल सहा वाजून चोपन्न मिनिटांनी पोचली.

पुढचं सगळं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी कुलदीपनं खाली बसून डोक्याला हात लावला. म्हणाला, "वहिनी, पाणी या लहरी पिऊन टाकतं, आणि वर पितळ. माझ्या लक्षात कसं आलं नाही?" बाक मागच्या पडवीत गेला आणि तिथंच राहिला. काम मला कायमचं मिळालं, अजून त्याच धंद्यात आहे. तो कॉम्प्युटर आणखी तीन वर्षं चालला. रोहन पोटात असताना मी त्याच्यासमोर बसून टाइप करायची, आणि आत्याबाई दाराशी बसून घागरी घासायच्या, मध्येच विचारायच्या, "पट्ट्या किती?" मी बोटं दाखवायची. आता घरात मोठी टाकी आहे, तोटी फिरवली की पाणी येतं. मामंजी गेले, मग आत्याबाईही गेल्या, त्याला चार वर्षं झाली. हंडे माळ्यावर आहेत आणि तो कॉम्प्युटरही माळ्यावर आहे, शेजारी शेजारी. भंगारवाला येतो, मी त्याला दारातूनच हाकलते.

पण त्या संध्याकाळचं शेवटचं सांगायचं राहिलं.

मी बाहेर आले तेव्हा मधल्या खोलीत फरशीभर पाणी होतं आणि आत्याबाई रिकाम्या बाकावर बसल्या होत्या. निऱ्या भिजलेल्या, पाय पाण्यात. डोळे त्या पाण्याकडे लागलेले, जे दारातून हळूहळू गल्लीत चाललं होतं.

"गेलं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

"समदं?"

"सगळं."

त्यांनी मान हलवली. मग खाली बघत म्हणाल्या, "मला शनिवारीच कळलं होतं. फुली नव्हती तेव्हाच. बोलले नाही. आज पाणी आलं, तरी भरून ठेवलं. वाटलं, आजच्या दिवस चालंल तसंच. पाण्याला हात घालायचं धाडस होईना." मग त्यांनी वर बघितलं. "तू रडायला लागलीस तवा झालं."

मी पाण्यातून त्यांच्याजवळ गेले.

"आता पुण्याला जायचं नाही ना?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली आणि मग मला आवरेनाच. मी त्यांच्या गुडघ्यांशी, त्या पाण्यातच बसले आणि हमसून हमसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, थंडगार, चिंचेचा वास येणारा. थोडा वेळ ठेवला. मग टपली मारली.

"बस की आता. कामून पाणी वाया घालवतीस? घरात थेंब नाही," त्या म्हणाल्या. "ऊठ. वर जा आणि भाग्यलक्ष्मीकडून एक कळशी पाणी मागून आण. सून राहिली माझी, चहा तरी करते."